चाळीसच्या रस्त्यावर सत्तावन्न

"लेका, जरा दमानं घे. साठाच्या आसपास गेलायस," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले. मी "हो हो" म्हटलं, पाय जरासा सैल केला, आणि तेवढ्यात पुढच्या वळणापाशी एक पोलीस 'थांबा' लिहिलेला झेंडा घेऊन रस्त्यावर आला.

शुक्रवार होता. आई-अण्णा साताऱ्याहून दीड महिन्यासाठी आमच्याकडे आले होते. मी रजा टाकून त्यांना फुजी पर्वत दाखवला आणि दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला आम्ही योकोहामाला परतत होतो. एक्स्प्रेस-वेवर गाड्या तुंबलेल्या दिसल्या म्हणून मी एका गावातून जाणारा आतला रस्ता धरला होता. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच पंधरा-वीस घरं, एक पोस्ट ऑफिस, रहदारी जवळजवळ नाही. अशा रस्त्यावर चाळीसची मर्यादा काटेकोर पाळणारा माणूस मी तरी इथे क्वचितच पाहिलाय.

पोलिसाने आधी वाकून, थांबवल्याबद्दल माफी मागितली. जपानमध्ये तुम्हाला दंड करणारा माणूसही तुमची माफी मागतो, आणि त्यामुळे भांडायचीही सोय राहत नाही. कडेला एक व्हॅन, तिच्यासमोर घडीचं टेबल, खुर्ची. मागे वळून पाहिलं तेव्हा एका बंद दुकानाच्या छपराखाली दुसरा पोलीस दिसला, हातात छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यासारखं यंत्र. टेबलावर मला एक चिठ्ठी दाखवली गेली. तारीख, वेळ, मर्यादा ४०, वेग ५७.

अण्णांनी काच खाली केली आणि मराठीत विचारलं, "कितीत मिटतंय?"

"अण्णा, इथं तसलं काही नसतं," मी म्हटलं. पोलिसाने मान लवून अण्णांनाही नमस्कार केला. मग मी सही केली.

इथले लोक या प्रकाराला 'नेझुमितोरी' म्हणतात, म्हणजे उंदीर पकडणं. आडोशाला बसून मोजायचं, पुढे उभ्या असलेल्याला वायरलेसवर सांगायचं, आणि त्याने गाडी बाजूला घ्यायची. सह्या जिथे होतात त्या टेबलाला चालक मंडळी थट्टेने 'साइन-काय' म्हणतात, नटनट्या चाहत्यांना स्वाक्षऱ्या देतात तो कार्यक्रम. मला त्या दिवशी काही हसू आलं नाही.

कारण प्रश्न पैशांचा नव्हताच. मर्यादेपेक्षा १५ ते २० किलोमीटरच्या आत जास्त म्हणजे १२,००० येन, आपले साधारण सात हजार रुपये, आणि परवान्यावर एक गुण. याला 'आओ किप्पु', निळं तिकीट म्हणतात. १९६८ पासून ही पद्धत आहे: किरकोळ गुन्हा असेल तर ठरलेली रक्कम सात दिवसांत बँकेत किंवा पोस्टात भरा, विषय संपला, कोर्ट नाही. साध्या रस्त्यावर ३० किंवा त्याहून जास्त ओलांडले, एक्स्प्रेस-वेवर ४०, तर मात्र 'आका किप्पु', लाल तिकीट. तो फौजदारी मामला, आणि कोर्टाने केलेला दंड ही शिक्षा म्हणून नोंदली जाते.

आणि मी पुढच्या दोन महिन्यांत पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीचा अर्ज करणार होतो. इथे राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण घरच्या मंडळींसाठी सांगतो. पीआर नसेल तर बहुतेक बँका घरकर्जासाठी दारात उभं करत नाहीत, नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजावे लागतात. आणि त्या अर्जात एक रकाना आहे: गुन्ह्याबद्दल तुमच्यावर कधी कारवाई झाली आहे का, वाहतुकीच्या नियमभंगासह. एखादं निळं तिकीट आडवं येत नाही, असं सगळे सांगतात. पण 'वारंवार' म्हणजे किती, हे विचारलं की सगळे चहाचा कप उचलतात. नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या माझ्या एका मित्राला तर गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा दाखला जोडावा लागला होता.

शिवाय माझा परवाना सोनेरी होता. पाच वर्षं एकही नियमभंग नाही तर परवान्यावरची पट्टी सोनेरी होते, विमा स्वस्त होतो. भारतीय परवाना इथल्या परवान्यात बदलून घेताना आपल्याला लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. मी चौथ्या खेपेला पास झालो होतो. तेव्हा त्या सोनेरी पट्टीचं मला कौतुक होतं, आणि अण्णांना माझ्यापेक्षा जास्त. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा त्यांचा सत्कार झाला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. छातीवरचा तो बिल्ला त्यांनी कपाटात आईच्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवलाय. माझा परवाना हातात घेऊन ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "हा तुझा बिल्ला."

तर घरी आलो आणि मी तेच केलं जे माझ्या धंद्यातला कुठलाही माणूस करतो. चूक माझ्यात नाही, सिस्टिममध्ये आहे, हे सिद्ध करायला बसलो. पैसे भरायला सात दिवस होते. न भरायचे ठरवले तर प्रकरण पुढे सरकारी वकिलाकडे जातं, आणि तिथे म्हणणं मांडता येतं. तसं करून सुटलेलेही पुष्कळ. पण नाही सुटलो तर निळ्याचं लाल व्हायचं, आणि पीआरच्या तोंडावर कोर्टाचा दंड. म्हणजे यंत्र चुकलंय याची खात्री असेल तरच हा जुगार खेळायचा.

आता ही यंत्रं मोजतात कशी? जुनं रडार डॉप्लरच्या तत्त्वावर चालतं. लहरी सोडायच्या, गाडीवर आपटून परत येतात त्यांची वारंवारता थोडी वाढलेली असते, फरकावरून वेग. जपानमध्ये वर्षानुवर्षं वापरलेल्या १०.५२५ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये ताशी ६० किलोमीटरला हा फरक साधारण ११७० हर्ट्झ येतो. म्हणजे स्पीकरला जोडला तर कानाने ऐकू येईल इतका. अडचण एकच, रडारचा झोत पसरतो. दहा अंशांचा झोत ३०० मीटरवर पन्नास मीटरहून रुंद होतो. त्यात दोन गाड्या आल्या तर वेग कुणाचा?

यावरूनच अमेरिकेत मोठा गाजावाजा झाला होता. १९७९ मध्ये मायामीत एका टीव्ही वार्ताहराने दाखवून दिलं की पोलिसांचं रडार एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल दाखवतं आणि एका घराचा २८ मैल. तिथल्या न्यायाधीशांनी मग रडारचा पुरावाच नाकारला. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या डेपोतल्या काही गाड्यांपेक्षा ते झाडच बरं."

मला आशा वाटायला लागली. पण मला मोजलं होतं ते रडारने नव्हे, हातात धरायच्या लेझरने. गेल्या काही वर्षांत इथे ती यंत्रं आली आहेत. लेझरचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो, त्यामुळे शेजारची गाडी मोजली गेली हा बचाव संपला. तसंही शेजारी गाडीच नव्हती. हे यंत्र वेग थेट मोजतच नाही, अंतर मोजतं. प्रकाशाचा ठोका गेला आणि परत आला, लागलेल्या वेळावरून अंतर. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात असे काही डझन ठोके, आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग.

इथे एक खरी फट आहे. धरणाऱ्याचा हात हलला आणि झोत गाडीच्या काचेवरून घसरून बंपरवर आला, तर अंतर दीड-दोन मीटरने उगाच कमी होतं. ०.३ सेकंदात दोन मीटर म्हणजे ताशी २४ किलोमीटरची फुकटची भर! रात्री अकरा वाजता हे गणित सुटलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "पण मग मशीनवाल्यांना हे माहीत नसेल का?" माहीत आहे. सगळे ठोके एका सरळ रेषेत बसले नाहीत तर यंत्र आकडा दाखवतच नाही, चूक दाखवतं. पायथॉनमध्ये वीस ओळी लिहून मी स्वतःच करून पाहिलं. हात अगदी एकसारख्या गतीने घसरला तरच फसवता येतं, आणि तसा हात माणसाला नसतो.

राहिला कोन. पोलीस रस्त्याच्या कडेला उभा असतो, गाडी त्याच्या थेट अंगावर येत नाही. म्हणून यंत्राला दिसतो तो वेग नेहमी खऱ्यापेक्षा कमीच. दहा अंशाला दीड टक्का कमी, वीस अंशाला सहा टक्के. म्हणजे ही चूक आहे, पण चालकाच्या बाजूची. आणि वेगमापक रडारसाठी जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे तिच्यात रस्त्यावरच्या वापरात शंभर किलोमीटरपर्यंत तीनची कमीजास्त चालते. समजा, माझ्या यंत्राने मला पूर्ण तीन चढवले. मग मी ५४ ने होतो, १४ जास्त. १५ च्या आत दंड ९,००० येन, गुण तेवढाच एक. म्हणजे सगळं माझ्या बाजूने लागलं तरी ३,००० येन वाचणार, आणि सोनेरी पट्टी जायची ती जाणारच. मी लॅपटॉप मिटला.

अण्णा बाल्कनीत बसले होते. मी विचारलं, तुम्ही मागे बसून साठ कसे ओळखलेत?

"त्यात काय. आमच्या वेळी निम्म्या गाड्यांचा काटा मेलेला असायचा. किलोमीटरच्या दगडाला घड्याळात बघायचं. पुढचा दगड मिनिटात आला की साठ. पन्नास सेकंदांत आला की बहात्तर, मग पाय काढायचा. दोन-चार वर्षांनी घड्याळ लागत नाही, कानाला कळतं."

मी त्यांना सांगितलं की इथले पोलीस पूर्वीपासून एक यंत्र वापरतात, रस्त्याला आडवे दोन अदृश्य किरण, तीन मीटर अंतरावर. गाडी पहिला किरण तोडते, मग दुसरा. साठला मधे ०.१८ सेकंद जातात. अण्णा खूश झाले. "म्हणजे आमचा दगडच की! जवळ आणून ठेवला इतकंच."

एक गोष्ट मात्र मला मान्य करायची नव्हती. मागे २०१३ साली केइजी फुरुया नावाचे मंत्री, जे पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचेच अध्यक्ष होते, जाहीरपणे बोलले होते की हल्ली पकडण्यासाठी पकडण्याकडे कल दिसतो. रस्ता रुंद, माणूस फिरकण्याची शक्यता नाही, मर्यादा मात्र कमी, अशा ठिकाणी सापळे लावतात. केवढी चर्चा झाली, तज्ज्ञांची समिती बसली. मला वाटत होतं, माझंही तेच झालं. पण त्या समितीनंतर अनेक ठिकाणचे पोलीस आपण कुठल्या रस्त्यावर, कधी मोजणार ते वेबसाइटवर आधीच टाकायला लागले. मी पाहिलं. तो रस्ता यादीत होता, शुक्रवार दुपार, कारणासकट: शाळकरी मुलांची वाट.

सहाव्या दिवशी मला डॅशकॅम आठवला. खरं म्हणजे आधीच आठवायला हवा होता, कदाचित म्हणूनच आठवला नाही. त्यात जीपीएस आहे, चित्राच्या खाली वेग उमटतो. उपग्रहाला ना पोलिसाचं प्रेम ना माझं. कार्ड काढून टीव्हीला जोडलं. दुकानाच्या छपराच्या अलीकडे आकडा होता ५८. माझ्या काट्यावर तेव्हा साठच्या किंचित पुढे होता, कारण काटा खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, थोडा जास्त चालेल, असाच गाड्यांसाठीचा नियम आहे. अण्णांचा कान साठ, जीपीएस ५८, पोलीस ५७. चौघांत सगळ्यात दयाळू पोलीस निघाला.

मी ते पाच-सहा सेकंद पुन्हा पुन्हा लावत होतो, नजर खालच्या आकड्यावर. अण्णा मागे उभे होते. चौथ्या वेळी म्हणाले, "ते थांबव. आकडा नको बघू. डावीकडं बघ."

डावीकडे, पोस्ट ऑफिसच्या पुढे, पादचाऱ्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी एक मूल उभं होतं. पिवळी टोपी, पाठीवर शाळेचं दप्तर, आणि एक हात सरळ वर. इथे पहिलीपासून शिकवतात, रस्ता ओलांडायचा असेल तर हात वर करून थांबा. तो हात वर करून माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्यासमोरून ५८ ने निघून गेलो होतो. मला तो दिसलाच नव्हता. आजही कितीही आठवलं तरी त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात मूल नाही, भातखाचरं आहेत.

पट्ट्यांपाशी माणूस थांबलेला असताना गाडी न थांबवणं हा इथे वेगळा गुन्हा आहे. दंड ९,००० येन, आणि गुण दोन. म्हणजे ज्याची चिठ्ठी मला मिळाली त्याच्या दुप्पट. त्याची चिठ्ठी कुणी दिली नाही. दुकानाखालच्या पोलिसाचा डोळा भिंगाला लागलेला असणार, आणि भिंग माझ्या नंबरप्लेटवर.

"एसटीत असतो तर?" मी विचारलं.

अण्णा लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंचवीस वर्षांत मला असं किती वेळा झालं असंल, मला तरी कुठं ठाऊक? आमच्या गाडीला कॅमेरा नव्हता." बिल्ल्याबद्दल ते असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईने विषय बदलायला म्हणून दिवा लावला.

सातव्या दिवशी अण्णांना घेऊन मी पोस्टात गेलो. दंड भरायच्या काउंटरवर बाईंनी शिक्का मारून पावती दिली आणि 'थँक यू' म्हणाल्या. अण्णांना त्याचं फार नवल. आमच्या घरी चलान म्हटलं की वेगळं चित्र आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर २०२४ मध्ये कमानींवर कॅमेरे लागल्यापासून माझ्या चुलतभावाच्या फोनवर मेसेज येऊन पडतात आणि तो ते लोकअदालतीची वाट बघत साठवतो, निम्म्यात मिटतं म्हणून. अण्णांनी विचारलं, "हे पैसे जातात कुठं?" मी सांगितलं, निळ्या तिकिटाचे पैसे केंद्राकडे जमा होतात आणि तिथून गावागावांना सिग्नल, पाट्या, रस्त्याकडेचे कठडे यासाठी वाटले जातात. ते म्हणाले, "मग त्या पोस्टापाशी एक सिग्नल बसवा म्हणावं."

जपानमध्ये १९७० साली रस्त्यावर १६,७६५ माणसं गेली होती. २०२४ मध्ये २,६६३. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात १,६८,४९१. घरी येताना ट्रेनमध्ये मी हे आकडे अण्णांना सांगितले. त्यांनी खिडकीबाहेर बघत फक्त मान हलवली. एसटीच्या माणसाला हे आकडे नवीन नसतात.

जायच्या आधीच्या आठवड्यात अण्णा म्हणाले, परत एकदा त्या रस्त्याने जाऊ. मुद्दाम शुक्रवारी, त्याच वेळी गेलो. चाळीसने तो रस्ता किती लांब वाटतो! मागे एक पांढरी छोटी व्हॅन चिकटली होती, तिचा वैताग मला आरशात दिसत होता. पोलीस नव्हते. पट्ट्यांपाशी दोन मुली उभ्या होत्या, मी थांबलो. ओलांडून गेल्यावर दोघी वळल्या आणि गाडीला वाकून नमस्कार केला, इथे मुलं करतात तसा. मागच्या सीटवर अण्णांनी हात जोडले.

आई-अण्णा परत गेले. गेल्या महिन्यात मी पीआरचा अर्ज भरला. तो रकाना आला तेव्हा मित्रांचे सल्ले आठवले, निळं तिकीट त्यात धरत नाहीत, 'नाही'वर खूण कर. मी 'होय'वर केली, तारीख लिहिली, पावतीची प्रत जोडली आणि वेगळ्या कागदावर काय झालं ते लिहिलं. वेग लिहिला. मुलाबद्दलही लिहिलं होतं, ते बायकोने वाचून काढायला लावलं. कुणी विचारलं नाही ते कशाला सांगतोस, म्हणाली. तिचंही चूक नाही. पण तो कागद मी फाडलेला नाही.

उत्तर यायला वर्षही लागतं म्हणतात. अण्णा दर रविवारी फोन करतात. "कागद आला का रे?" नाही आला, म्हणतो. मग विचारतात, आज गाडी काढली होती का, कुठं गेला होतास, आणि कितीनं.